बुडालेली गाडी आणि सोमवारची पहिली पाळी

पूर ओसरल्यावर आमची मोटारसायकल गोठ्यामागच्या भिंतीपाशी आडवी पडलेली सापडली. जाताना मी ती ओट्यावर चढवून दोराने खांबाला बांधली होती. दोर तुटला असावा. एक आरसा गेला होता, हँडलला कुणाचं तरी फाटकं लुगडं गुंडाळलं होतं, आणि सीटच्या निम्म्यापर्यंत गाळ चढला होता.

सायखेड्यात आमचं घर नदीकडच्या आळीत आहे. वर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की काय वर चढवायचं, काय सोडून द्यायचं, हे आळीत सगळ्यांना पाठ असतं. त्या वर्षी मात्र आमच्या घरात एक गोष्ट वेगळी होती. माझ्या नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. टोमॅटोचे क्रेट उतरवताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून त्यांचा पाय सटकला आणि नडगीचं हाड मोडलं. त्यामुळे पाणी वाढायला लागल्यावर आधी त्यांना बाजेसकट उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवलं. मग गाई सोडल्या. मग सासूबाई धान्याचा डबा पोटाशी धरून निघाल्या. गाडी राहिली.

शाळेच्या वरच्या मजल्यावर आम्ही मुक्काम केला. तिथे सगळी आळीच होती. बायका एकमेकींची पोरं सांभाळत होत्या, पुरुष जिन्यात उभे राहून पायऱ्यांवरचं पाणी बघत होते. माझ्या नवऱ्याचं तोंड सारखं भिंतीकडे असायचं. विचारलं तर हो, नाही, एवढंच बोलायचे. धडधाकट माणसाला चौघांनी उचलून न्यावं, हे त्यांना फार लागलं होतं. बोलून ते कमी झालं नसतं.

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी कंपनीतून फोन आला. मी नाशिकमध्ये अंबडला एका कारखान्यात कामाला आहे. तिथे गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे तयार होतात. बरीच वर्षं मी लाइनवर बसून वायरींना टोकं लावली, आणि त्याच उन्हाळ्यात मला तपासणीच्या बोर्डवर बसवलं होतं. जुडगा बोर्डवर लावायचा, एकेका वायरीचा दिवा लागतो का बघायचं, न लागला तर कुठे तुटलंय ते शोधायचं. मला ते काम मनापासून आवडायचं. आमचे सुपरवायझर तसे भले होते. पुराचं त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले की शनिवारपर्यंत मी कसंतरी निभावतो, पण सोमवारी पहिल्या पाळीला तुम्ही बोर्डवर पाहिजेत, पुढचं माझ्या हातात नाही. मी येते म्हटलं आणि फोन ठेवल्यावर विचार करू लागले की जायचं कशाने.

पूर्वी हे मला भल्या पहाटे नाशिकरोडला सोडायचे आणि तिथून मी कंपनीची बस धरायची. यांचा पाय मोडल्यावर मी स्वतः गाडी चालवायला शिकले. स्कूटी येत होती, गिअरचं तेवढं जमवलं. थेट अंबडपर्यंत गाडीनेच जायला लागले. आता एसटी बंद होती, रस्त्याला भगदाड पडलं होतं, आणि आळीतल्या साऱ्यांच्या गाड्या आमच्यासारख्याच गाळात होत्या. गावातल्या गॅरेजवाल्याकडे गेले तर त्याच्या दारात गाड्यांची रांग लागली होती, आणि तो स्वतःच टबात पाने-पकडी धूत बसला होता. म्हणाला, "वहिनी, दिवाळीच्या आत झाली तर नशीब समजा."

मी घरी आले आणि बादली घेतली.

घर आतून ओलं होतं म्हणून यांची बाज ओट्यावर टाकली होती. समोर अंगणात मी गाडी उभी केली. उभी करायला सासूबाईंनी मागून जोर लावला. हातपंपाचं पाणी ओतून ओतून गाळ काढला. चाकांच्या ताराताराला माती बसली होती. हे बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "इकून टाक. भंगारवाला येईलच आता."

"मला सोमवारी कामावर जायचंय," मी म्हटलं.

"बुडालेली गाडी हाय ती. तू काय मिस्त्री हायेस का?"

मी चाकावर पाणी ओतत राहिले. गाडी धुऊन झाली. वरून तरी ती गाडीसारखी दिसायला लागली होती. मला वाटलं, बघू तर खरं. मी स्टँड सरळ केला आणि किकवर पाय ठेवला.

"थांब!"

मी वळून पाहिलं. हे कोपरावर उठून बसले होते.

"किक मारू नको. आत पाणी असंल तर इंजिनातला रॉड वाकंल, मग खरंच भंगारात जाईल. आधी बॅटरी सोडव. मग प्लग काढ. पाना सीटखाली हाय."

शाळेत गेल्यापासून इतकं लांब वाक्य ते पहिल्यांदा बोलले होते. मी सीट काढली. बॅटरीच्या तारा सोडवल्या, आधी काळी, मग लाल. प्लग हाताने वळेना. सासूबाईंनी पान्यात पहारीचा तुकडा घालून दिला, तेव्हा कुठे तो सुटला. मग यांच्या सांगण्यावरून प्लगशिवायच किक मारली. इंजिनाच्या त्या एवढ्याशा भोकातून गढूळ पाण्याची पिचकारी उडाली ती थेट माझ्या ओढणीवर. पुन्हा मारली, पुन्हा पाणी. मारत राहिले. पाण्याचे तुषार झाले, मग नुसती हवा फुसफुसायला लागली.

त्या दिवशी मी जे जे उघडलं त्यातून पाणी निघालं. इंजिनाखालचा नट सोडला तर ऑइलऐवजी दुधाळ चहासारखं काहीतरी परातीत पडलं. पेट्रोलची टाकी बाटल्यांत रिकामी केली. बाटलीत खाली पाणी आणि वर पेट्रोल, असे दोन थर स्पष्ट दिसायचे. कार्ब्युरेटरच्या वाटीत बारीक वाळू होती. एअर फिल्टरचा स्पंज पिळला तर मूठभर गाळ. मागचं चाक खड्ड्यात घालून गाडी तिरकी केली, तेव्हा सायलेन्सरमधून पाणी, पालापाचोळा आणि शेवटी मक्याचे दाणे पडले. गॅरेजवाल्याच्या वरच्या फळीवर नव्या ऑइलचे डबे वाचले होते, तेवढे त्याने दिले. एक ऑइल घातलं, किक मारून फिरवलं, काढून टाकलं. दुसऱ्यांदाही चहाच निघाला, पण जरा काळसर. तिसऱ्यांदा घातलेलं ठेवलं.

हे सांगत होते आणि मी करत होते. मी चुकले की ते चिडायचे. "डावीकडं नाय, डावीकडं नाय, तुला सोडवायचा हाय की आवळायचा?" मीही मग चिडायचे. एकदा मी पाना खाली टाकून म्हटलं की तुम्हीच या मग. बोलून गेल्यावर जीभ चावली. ते प्लास्टरकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "उजव्या हातानं धर. अंगठा वर ठेव." मी पाना उचलला.

रविवारी उन्हं चांगली पडली. सगळी आळी गाद्या, कपडे, पुस्तकं, पापडाचे डबे बाहेर मांडून बसली होती. आमच्या अंगणात एका पोत्यावर गाडीचे भाग वाळत होते. फिल्टर, प्लग, मॅग्नेटवरचं झाकण. मॅग्नेट म्हणजे इंजिनासोबत फिरून वीज तयार करणारं चाक; त्याच्या खोबणीत गाळ बसला होता, तो मी दात घासायच्या जुन्या ब्रशने काढला आणि सायकलच्या पंपाने हवा मारली.

आता ठिणगी बघायची होती. प्लग त्याच्या टोपीत बसवायचा, प्लगचा लोखंडी भाग इंजिनाला टेकवायचा आणि किक मारायची. टोकाला निळी ठिणगी दिसली की निम्मं काम झालं. मी प्लग टेकवला, वरून गोणपाट धरून अंधार केला, किल्ली फिरवली आणि सासूबाईंना किक मारायला लावली. त्यांनी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी दाबली. ठिणगी नाही. प्लग बदलून पाहिला. तरी नाही.

"सीडीआय गेला," हे म्हणाले. म्हणजे ठिणगीची वेळ सांभाळणारी ती काळी डबी. "पाण्यात तेच जातं पहिलं. सोड आता. तू केलंस तेवढं लय केलंस."

त्या बोलण्यात चीडही नव्हती, टोमणाही नव्हता. ते हरले होते आणि मला आपल्यासोबत बसवू पाहत होते. मला एकदम रडू आलं आणि त्याचा रागही आला. मी म्हटलं, "डबी गेली हे कशावरून? बघितलं का कुणी?"

इथपर्यंत मी त्यांच्या डोक्याने चालले होते. वायर मात्र माझी रोजची होती. मी टाकी उतरवली आणि आतला वायरिंगचा जुडगा उघडा केला. एकेक कपलर, म्हणजे वायरी एकमेकींत अडकवणारा प्लास्टिकचा खटका, सोडवला, फडक्याने पुसला, उन्हात धरला. काही पितळी टोकांवर हिरवा कळंक चढायला लागला होता, तो सुईने खरवडला. इंडिकेटरचा एक बल्ब काढून त्याला दोन वायरी जोडल्या. गाडीची बॅटरी अर्धमेली होती, पण तेवढा बल्ब लावण्यापुरता जीव तिच्यात होता. झाला माझा तपासणीचा बोर्ड. एक टोक इथे, एक टोक तिथे, दिवा लागला की वायर धड. हिरवी धड होती, पिवळी धड होती. एकही तुटलेली सापडेना.

सासूबाई भाकरी थापत होत्या. तिथून म्हणाल्या, "अगं, खाऊन घे. ती काय पळून जात नाय."

मी खाल्लं नाही. यांच्या बाजेशी जाऊन बसले आणि विचारलं की मला एक सांगा, ही किल्ली नेमकं काय करते. किल्ली फिरवली की ठिणगीला वीज जाते का?

"नाय," ते म्हणाले. "या गाडीची ठिणगी बॅटरीवर नाय, मॅग्नेटवर. किल्ली उलटं करते. बंद केली की ती काळ्यावर पांढरी रेघ असलेली वायर बॉडीला टेकवते. ठिणगीची वीज तिकडं मरते न् गाडी बंद पडते. चालू केली की वायर मोकळी."

मी तशीच उठले. काळ्यावर पांढरी रेघ असलेली वायर डबीपासून सोडवली. किल्लीकडे जाणाऱ्या टोकाला बल्बची एक तार लावली, दुसरी बॅटरीच्या लालला, आणि बॅटरीची काळी इंजिनाला. किल्ली बंद ठेवली. बल्ब लागला, लागायलाच हवा होता. किल्ली फिरवून चालू केली. बल्ब लागलेलाच राहिला.

"अहो," मी म्हटलं, "किल्ली फिरतेय, पण आतलं काही फिरत नाहीये. गाळ बसलाय. गाडी बंदच आहे अजून."

ते बाजेवरून इतके पुढे झुकले की मला वाटलं पडतात आता. "परत दाव," म्हणाले. मी गाडी ओट्याला लावून परत दाखवलं. किल्ली बंद, दिवा लागलेला. किल्ली चालू, दिवा लागलेला. त्यांनी दोन वेळा स्वतःच्या हाताने वायर धरून खात्री केली. मग म्हणाले, "ती वायर तशीच मोकळी ठेव. टोकाला चिकटपट्टी मार. मारा किक."

सासूबाई भाकरीच्या पिठाच्या हातांनी आल्या. गोणपाटाखाली प्लगच्या टोकाला टिकली एवढी निळी ठिणगी चटकन उडाली. मग दुसरी. मी गोणपाटाची कड यांच्याकडून उचलून धरली. सासूबाईंनी विचारलं, "आली का?" तेव्हा हे म्हणाले, "आली."

वाटलं, आता झालंच. टाकीत नवं पेट्रोल घातलं, प्लग बसवला, चोक ओढला आणि किक मारायला सुरुवात केली. गाडी चालू होईना. मी मारत राहिले. मधूनच ती खोकल्यासारखं करायची, आशा लावायची आणि गप्प व्हायची. माझ्या पोटरीत गोळे आले. आळीतले दोघेतिघे येऊन उभे राहिले. एकाने मी मारतो म्हटलं, मी नको म्हटलं. आता मला दुसऱ्या कुणाचा पाय त्या किकवर नको होता. खाली कार्ब्युरेटरच्या नळीतून पेट्रोल टपकायला लागलं आणि वास सगळ्या अंगणात पसरला.

"बास," हे म्हणाले. "पेट्रोल चढलंय. आता शंभर मारल्या तरी नाय व्हायची. प्लग काढ."

प्लग पेट्रोलने निथळत होता. आधी नदीच्या पाण्यात बुडालेली गाडी आता मी पेट्रोलात बुडवली होती. यांनी सांगितलं तसं केलं: पेट्रोलचा कॉक बंद, चोक आत, ॲक्सिलेटर पूर्ण पिळून धरायचा आणि प्लगशिवाय किक मारत आत साचलेलं पेट्रोल हवेनं उडवून द्यायचं. प्लगची टोपी लांब बांधून ठेवली, चुकून ठिणगी पडायला नको. प्लग पुसून मी चुलीकडे नेला आणि तव्याच्या कडेला ठेवायला गेले.

"भाकरीच्या तव्यावर ते नाय ठेवायचं," सासूबाई म्हणाल्या, आणि चिमट्याने स्वतःच बाजूच्या निखाऱ्यांवर धरला. वाळलेला, गरम प्लग फडक्यात धरून मी धावत आले, बसवला, आवळला. ॲक्सिलेटर थोडासा धरला. किक मारली.

पहिल्या किकला सायलेन्सरमधून चिखलाचा गोळा उडाला. दुसऱ्या किकला गाडी धडधडली, गुदमरली आणि चालू झाली.

पांढऱ्या धुराने अंगण भरून गेलं. सासूबाई तोंडाला पदर लावून विचारत होत्या की चालू झाली की पेटली. आवाज असा फुटका होता की गाई दावणीला ओढ द्यायला लागल्या. हे ओरडून सांगत होते, "सोडू नको, ॲक्सिलेटर सोडू नको, तापू दे!" मी सोडला नाही. हळूहळू धूर विरळ झाला आणि आवाज सरळ यायला लागला. ती वायर मोकळी असल्यामुळे आता किल्लीने गाडी बंद करता येत नव्हती. बंद करायची तर गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडायचा आणि तिला झटका देऊन पाडायचं. पण बंद करायची हिंमतच होईना. अंधार पडेपर्यंत आम्ही तिला तशीच चालू ठेवली, आणि त्या वेळात मी दिवे पाहिले. हेडलाइटच्या काचेतून पेलाभर पाणी निघालं, पुसून बसवल्यावर लाइट लागला. बॅटरीची वायर किल्ली टाळून थेट जोडली, तेव्हा ब्रेकचा दिवाही लागला. हॉर्न मात्र बेडकासारखा वाजत होता.

सोमवारी पहाटे निघाले तेव्हा हे जागेच होते. त्यांनी एवढंच सांगितलं की वाटेत बंद पडली तर ढकलत बसू नको, कुणाच्या तरी दारात ठेव आणि मिळेल त्या गाडीने पुढे जा. मी हो म्हटलं. भगदाडापाशी शेतातून बांधाबांधाने गाडी काढली. रस्ताभर वाळलेला गाळ होता. नाशिकरोडच्या सिग्नलला ती दोनदा मरायला टेकली. मी ॲक्सिलेटर धरून तिला जिवंत ठेवलं, आणि शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे त्रासून बघत राहिला. अंबडला गेटमध्ये शिरून झटका देऊन बंद केली, तेव्हा वॉचमन म्हणाला, "ताई, किल्लीने नाही बंद करत?" मी म्हटलं, तिचा खटका गाळाने अडकलाय, नंतर सांगते.

माझ्या बोर्डवर एक नवी मुलगी बसली होती. सुपरवायझरांनी मला पाहिलं, माझ्या नखांतली काळी घाण पाहिली आणि तिला शेजारच्या टेबलावर जायला सांगितलं. मी हात धुऊन बसले आणि पहिला जुडगा लावला.

गाडी पुढे पूर्ण बरी झाली असं नाही. किल्लीचा खटका नवा टाकावा लागला, पावसाळाभर ती ओल्या हवेत रुसायची, आणि हॉर्न तसाच राहिला. आळीतल्या आणखी काही गाड्या आमच्या ओट्याशी आल्या. हे बाजेवरून आवाज ऐकायचे, मी संध्याकाळी येऊन वायरी बघायचे. काही चालू झाल्या. एका म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या गाडीचं इंजिन जाम होऊन गेलं होतं, तिला आम्ही काही करू शकलो नाही. ते त्याला सांगायचं काम यांनी घेतलं, आणि तो बराच वेळ बाजेशेजारी बसून राहिला.

प्लास्टर कापलं त्या दिवशी दवाखान्यातून घरी आणायला मीच गेले. पाय वाळक्या फांदीसारखा बारीक झाला होता. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी चालवू का?" म्हणाले. मी म्हटलं की गिअर त्याच पायाने टाकायचा असतो. मग ते काठी धरून मागे बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते माझ्या मागे पहिल्यांदाच बसत होते. हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला.

चांदोरीनंतर आमच्या गावाचा पूल आला. पुलाच्या चढाला ते कानाशी म्हणाले, "आता तिसरा टाक." मला दुसऱ्यातच जायचं होतं, मी दुसऱ्यातच गेले. पुलाखाली नदी आपल्या जागेवर, शांत वाहत होती. चढ संपल्यावर मी तिसरा टाकला.